एकसष्टावं नाव

रकाना १ : तीस सप्टेंबरचा पट

“चार तारखेला या, असं म्हनू नका सर,” तुळजाबाई टेबलाला टेकून म्हणाली. “मागल्या टायमालाबी तुमी चार तारीखच दिली हुती.”

मुख्याध्यापक उत्तरेश्वर सर तेच म्हणायला तोंड उघडत होते. ते तसंच मिटलं.

सप्टेंबरची अठ्ठावीस तारीख होती. तीस तारखेला पटावर जितकी मुलं असतील, त्यावर त्या शाळेला वर्षभर किती शिक्षक द्यायचे ते ठरतं. साठ मुलांना दोन, एकसष्ट झाली की तीन. त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शहरभरच्या शाळांमधून शिक्के हरवतात, दाखल्यांची पुस्तकं संपतात आणि मुख्याध्यापक मीटिंगला जातात. शाळा सोडल्याचा दाखला मागायला आलेल्याला ऑक्टोबरातली तारीख मिळते. मार्केट यार्डामागच्या या तीन खोल्यांच्या शाळेत उत्तरेश्वर सरांनीही सोळा वर्षं शिक्का असाच हरवला होता.

पटावर यंदा एकसष्ट नावं होती. एकही जास्त नाही.

“गावाकडं आश्रमशाळेत जागा निघालीय,” तुळजाबाई म्हणाली. “माज्या भाग्यश्रीला घेतो म्हन्तेत. पन दाखला तीस तारखेच्या आत पायजे.”

“त्यांनाही मुलं मोजून दाखवायची असतात,” खिडकीशी वह्या तपासणारे दशरथ सर मान वर न करता म्हणाले.

तुळजाबाईला ते कळलं नाही, किंवा तिने मनावर घेतलं नाही. ती यार्डात धान्य निवडायची. पदराच्या शेवाला अजून भुसा होता. “थोरल्याची, संपतची जागा त्या चार तारखेपायी गेली सर. आता पोती वढतंय ते यार्डात. तवा म्या काय बोलले न्हाई. तुमची कायतरी अडचन असंल म्हनलं.”

अडचण कसली, शिक्का टेबलाच्या खणात होता. तेव्हाही तिथंच होता. सरांनी खण उघडला.

रकाना २ व ३ : लागू नाही

रकाना ४ : पट कमी होण्याचे कारण

विद्यार्थिनी परगावी गेली. अतिरिक्त शिक्षकाच्या फॉर्ममधला हा रकाना वीतभर लांब होता, बाकीचा कोरा राहिला.

“दोन दिवस ताप आणता आला नाही का आपल्याला?” दशरथ सरांनी फॉर्म वाचून परत ठेवला. “इतरांना बरा येतो, दर सप्टेंबरात.”

“तुम्ही संपतला पाहिलंय का?”

“रोज पाहतो. आता अक्षता मॅडमनाही एकदा नीट पाहून घेऊ.”

रकाना ५ : अतिरिक्त ठरणाऱ्या शिक्षकाचे नाव (सेवेने सर्वांत कनिष्ठ)

अक्षता भंडाऱ्याची. पाच वर्षांपूर्वी या शाळेत आली आणि पहिली-दुसरी तिच्याकडे आली ती कायमचीच. पहाटे पाचला यार्डात जाणाऱ्या आया झोपलेली मुलं शेजारणीवर टाकून जात; ती मुलं न न्हाता, न विंचरता, असतील त्या अवस्थेत शाळेत येत, आणि अक्षताच्या पर्समध्ये पुस्तकाच्या आधी कंगवा असे. पहिलीतला सार्थक कुणाशी बोलत नसे. हजेरीला ती त्याच्याजवळ जाऊन खाली वाके, कान पुढे करी, आणि तो कानात ‘हजर’ म्हणे. तेवढा एकच शब्द, दिवसातून एकदा.

उत्तरेश्वर सरांनी तिला स्वतःच सांगितलं. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला, मधल्या सुट्टीत. दाखला, तुळजाबाई, संपत, सगळं. ती डबा उघडा ठेवून ऐकत राहिली.

“पोहोचली का भाग्यश्री?”

“पोहोचली.”

“मग बरोबरच केलंत, सर.” तिने डब्याचं झाकण लावलं. जेवली नव्हती. “फक्त मला त्याच दिवशी सांगायचं होतं. दोन दिवस होते हातात. एक मूल मी शोधून आणलं असतं.”

 लाज वाटली म्हणून सांगितलं नाही, हे वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कुठल्या तोंडाने सांगणार? आणि ती म्हणाली ते खरंच होतं. सहा ऑक्टोबरला पुलाच्या कामावरच्या मजुरांची दोन भावंडं आपल्या पायांनी चालत शाळेत आली. पट बासष्ट झाला. तारीख उलटून गेली होती.

रकाना ६ : पसंतीक्रम

रिकामी जागा एकच होती. शहराच्या हद्दीत नव्याने आलेल्या गावातली, दोन बस बदलून जायची.

रकाना ७ : शाळेचे म्हणणे (असल्यास)

म्हणणे होते. सरांनी ते कागदावर लिहून खिशात घातलं आणि शिक्षण समितीच्या सभेला मागच्या रांगेत जाऊन बसले. अडीच तास. गणवेश, बाकं, एका उद्घाटनाची तारीख. मग अध्यक्षांनी चष्मा वर केला.

“विषय नऊ. अंदाजपत्रकातली शिक्षकांच्या पगाराची तरतूद, आणि अतिरिक्त पदं, यादीप्रमाणे. एकत्रच घेऊ. कोणाला काही?”

उत्तरेश्वर सर उभे राहिले. कागद खिशातच राहिला.

“आमच्या शाळेत मुलं आता बासष्ट आहेत, साहेब.”

“तीस तारखेला किती होती?”

“साठ.”

“आपण दिलेला आकडा खरा होता ना?”

“हो.”

“मग आपण आपलं काम चोख केलंत. आम्हालाही आमचं करू द्या.” अध्यक्ष हे अगदी अदबीने म्हणाले. “मंजूर. विषय दहा.”

सभा संपल्यावर सरांनी जिन्यात आस्थापनेच्या श्यामसुंदरांना गाठलं. बदल्यांच्या फाइली त्यांच्याकडे असत.

“तिच्याऐवजी मला पाठवा. माझी दोनच वर्षं राहिलीत. मी लेखी देतो.”

श्यामसुंदरांनी फाइल बगलेत घट्ट धरली. “सर, फॉर्म पाहिलात ना? आठ रकाने आहेत. त्यात इच्छा नावाचा एकही नाही.” दोन पायऱ्या उतरून ते थांबले. “आणि पुढच्या वर्षी शिक्का जरा जपून ठेवा.”

रकाना ८ : शेरा

अक्षता शनिवारी गेली. कंगवा टेबलावर ठेवून गेली.

सोमवारी दोन खोल्यांत पाच इयत्ता बसल्या. तिसरी खोली बंद. पलीकडे दशरथ सरांनी तिसरी, चौथी आणि पाचवीला एकच पाढा लावून दिला होता; त्याचा गलका भिंतीतून येत होता. उत्तरेश्वर सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात पट बासष्ट लिहिला, खाली ‘हजर’ लिहून पुढची जागा मोकळी सोडली आणि हजेरी घ्यायला लागले.

“सार्थक.”

मुलं वळून त्याच्याकडे पाहू लागली. तो दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत होता.

सर उठले. गुडघे दुखरे, त्यामुळे आधी बाकाला हात टेकला, मग एक गुडघा फरशीवर, मग दुसरा. कान पुढे केला. सार्थकच्या श्वासाला गुळाच्या चहाचा वास येत होता.

पाढा पलीकडे संपला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

सर कान तसाच पुढे करून बसून राहिले.