शनिवारचं लोखंड

“लोखंड हाय न्हवं? मग आज न्हाय,” असं म्हणून प्रेमाबाईंनी कपाटाच्या दारावरचा हात चटका बसल्यासारखा काढून घेतला.

“अहो, काल तुम्हीच म्हणालात, कपाट मला द्या म्हणून.”

“काल शुक्रवार व्हता, भाऊसाहेब.”

प्रेमाबाई आमच्या शेजारी राहतात. सकाळीच त्यांनी चार प्लास्टिकच्या खुर्च्या नेल्या, पाठोपाठ फ्रिजही नेला. फ्रिज लोखंडाचा नाही का, असं विचारल्यावर म्हणाल्या, “आतनं समदं प्लास्टिकच हाय की.” शनिमहाराज फ्रिज उघडून बघतात हे मला माहीत नव्हतं.

चूक माझीच. परंड्याच्या कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केली, जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जातल्या तारखा तपासल्या, आणि स्वतः व्हॉट्सॲपवर काय टाकलं? ‘घर सोडत आहे. कपाट, कॉट, भांडी दान करणे आहे. शनिवारी येऊन न्यावे. मार्तंड.’ शनिवारी लोखंडाचं दान म्हणजे देणाऱ्याची साडेसाती घेणाऱ्याच्या दारात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि माझे वडील तर भिक्षुकी करायचे. पण आमच्या घरात वार-तिथी माझी बायको नीला बघायची. कोणत्या दिवशी काय आणायचं, काय नाही, कधी निघायचं, सगळं ती सांगायची आणि मी वैतागून ऐकायचो. तिला जाऊन दहा महिने झाले. भिंतीवर कॅलेंडर अजून तिनं लावलेलंच आहे, गेल्या वर्षीचं.

“बाबा, देऊन टाका ना सगळं. इथं फ्लॅटमध्ये काही ठेवायला जागा नाही,” असं शौनक पुण्याहून फोनवर म्हणाला होता. पुण्यात बसून देऊन टाकायला काय जातं? संध्याकाळी घरमालकाला किल्ली द्यायची होती आणि पहाटेच्या गाडीनं मला निघायचं होतं.

लोक येत होते. पाट नेले, पोळपाट नेला, बरण्या नेल्या. एकानं कॉटवरची गादी गुंडाळून नेली आणि कॉट तशीच ठेवली. एका बाईनं सगळी भांडी पोत्यात भरली आणि जाताना तवा तेवढा काढून ओट्यावर ठेवला. माझं डोकं असं फिरलं की तवा उचलून अंगणात फेकला. घ्या म्हणून लोकांच्या विनवण्या करायची वेळ माझ्यावर यावी, तीही फुकटात.

शेवटी भंगारवाल्या बब्रुवानला बोलावलं. तो हसतच आला. “आमाला काय शनवार न् काय रविवार! आमी त्याचंच खातो.” कपाट, कॉट, तवा, सगळं त्यानं गाड्यावर चढवलं. मग कोपऱ्यातल्या शिलाई मशीनला हात घातला. “ह्ये बी घालू का? बिडाचं हाय, जड भरंल.”

“त्याला हात लावायचा नाही.”

“पाचला पुन्हा चक्कर मारतो,” असं म्हणून तो गेला. माझा शब्द त्याला फारसा पटलेला दिसला नाही.

मशीन नीलाचं. त्यावर तिनं गावातल्या कितीतरी मुलींना शिवण शिकवलं. आजारपणात एकच गोष्ट तिनं दोनदा सांगितली होती, “मशीन शिवकन्येला द्या. तिचा हात सरळ आहे.” बाकी सामान गेलं काय, राहिलं काय, मला फरक पडत नव्हता. हे मात्र भंगारात जाऊ द्यायचं नव्हतं.

चारच्या सुमारास शिवकन्या ईट गावाहून दिराचा छोटा हत्ती टेम्पो घेऊन आली. बरोबर सासू, हरणाबाई. सासू उंबऱ्यावरच बसली आणि मशीनकडे बघून म्हणाली, “भाऊसाहेब, आज वार कोणता?”

“आता तुम्हीही सुरू करू नका.”

“शनवारचं लोखंड दानात घेत न्हाईत. उद्या येतो की आमी.”

“उद्या मी नाही, आणि घरात दुसरे भाडेकरू असणार.”

“मग शेजारी ठिवा.”

“शेजारणीलाही शनी लागतो. आणि हरणाबाई, तुमची गाडी काय लाकडाची आहे का?”

“गाडी दानाची न्हाय,” त्या शांतपणे म्हणाल्या.

आमचं हे चाललेलं असताना शिवकन्या मशीनपाशी जाऊन बसली होती. तिनं खण उघडला. आत नीलाचं अर्धवट शिवलेलं झंपर होतं, एक बाही नुसती टाचलेली. तिनं काही न विचारता दोरा ओवला आणि पायडल मारलं. दहा महिन्यांनी तो आवाज घरात झाला आणि मला एकदम बसावंसं वाटलं. बसायला खुर्ची नव्हती. मी जमिनीवरच बसलो.

हरणाबाई बघत होत्या. “कुणाचं गं ते?”

“बाईंचं. ह्याच मशीनवर शिकवलं त्यांनी मला. आई तरी दुसरं काय करती, आत्या?”

हरणाबाई उंबऱ्यावरून उठल्या आणि बाहीची शिवण बोटानं चाचपून बघितली. मग म्हणाल्या, “भाऊसाहेब, दान म्हणू नका. लेकीला देतो म्हणा. माहेरच्या वस्तूला वार बघत न्हाईत.”

हे शास्त्र त्यांनी तिथल्या तिथं तयार केलं होतं. माझे वडीलही अडल्या माणसासाठी अशी शास्त्रं काढायचे, म्हणून मी ओळखलं. पण आठवडाभर दान दान करून जीभ त्यालाच सरावली होती, आता ती हलेना. मला मुलगी नाही. ‘लेकीला देतो’ हे वाक्य मी जन्मात कधी म्हटलं नव्हतं.

“लेकीला देतो,” मी म्हणालो. “शिवकन्येला.”

पाचला बब्रुवान आला, आणि मशीन गाडीत चढवायला त्यानंच खालून हात लावला. शिवकन्येनं बाही पुरी झालेलं झंपर घडी घालून माझ्या हातात दिलं. त्याचं काय करायचं मला कळेना, पण मी ते पिशवीत ठेवलं.

हरणाबाई गाडीत चढायला लागल्या तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “उद्या पहाटे निघायचंय. रविवार आहे. चालतं का?”

त्या हसल्या नाहीत. “चालतंय की. हातावर दही घिऊन निघा.”

घरात दही नव्हतं, आणि हातावर घालायला कुणी नव्हतं. मी बरं म्हणालो.