गाठीचं माप

“रुंदी पाच सूत. लिहून घे,” डॉक्टर गोविंदराव म्हणाले आणि मग स्वतःच लिहू लागले, कारण धाकूला लिहिता येत नाही हे ते दर वेळी विसरत.

ताटलीत चेहऱ्याच्या मज्जातंतूची गाठ होती. कवटीच्या आत, कानाच्या पुढे दडलेली, तीन फाटे फुटलेली. तिच्यावर निबंध लिहून विलायतेत नाव गाजवायचं, असं डॉक्टरांनी १८९३च्या पाडव्याला ठरवलं होतं. उथळ पाण्याला खळखळाट फार! ठाण्याच्या खाडीकाठच्या त्या इस्पितळात मुडद्याची कवटी उघडायची, गाठ सोडवायची, ते धाकूनं. डॉक्टर नाकाला अत्तराचा रुमाल लावून फक्त कंपास टेकवायचे, तोही सवड झाली तर. तोवर महिना-महिना गाठी मिठाच्या पाण्यात पडून असत.

धाकू मूळचा कोलशेतच्या मिठागरावरचा. त्याची बायको बायजा बाहेर पडवीत पडली होती. वर्षभर तिच्या गालात कळा उठत होत्या. पाण्याचा घोट लागला तरी ती किंचाळायची. उद्या डॉक्टर तिची हीच गाठ कापून काढणार होते, याच मापानं.

धाकूनं कनवटीचा दोरा काढला. गाठ ताजी असताना तिच्यावर धरून त्यानं तो तेवढाच तोडून ठेवला होता.

“साहेब, मिठान घातलेली मासली आखरते. ही पन आखरलीय. ताजी होती तवा येवरी होती, बगा.”

दोरा सहा सूत भरला.

“शास्त्र म्हणजे बोंबील नव्हे, धाक्या!” डॉक्टरांनी फुंकर मारून दोरा उडवला. “आणि राहिलाच तुकडा आत, तर पुन्हा कापू. आहे काय त्यात?”

धाकूनं दोरा शोधून उचलला, पडवीत आला आणि बायजाला सगळं खरं सांगितलं. ती पदरानं गाल झाकून ऐकत होती. बरं व्हायची तिची तेवढी एकच आशा होती.

“त्याला मापता येत नाय, आन् माजं डोकं फोरतंय?” ती म्हणाली. “चल घरा.”

पुढल्या वर्षी निबंध छापून आला. त्यात पाच सूतच. डॉक्टरांना हार पडले, पेढे वाटले गेले. लाज मात्र कुणालाच वाटली नाही.

ती दोघं इस्पितळातून घरी निघाली, त्या दुपारी खाडीत वारा सुटला होता. वारा गालाला लागला की बायजाला कळ यायची. धाकू होडीत वाऱ्याच्या बाजूला, तिच्या गालाला आडोसा करून बसला. कोलशेतचा धक्का येईपर्यंत तो हलला नाही.