बोथट तोंडाची ठासणी

मी एक जुनी, बोथट तोंडाची ठासणी आहे. मित्रांनो, बोथट म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. सुताराच्या पेटीत पटाशी, रंधा, करवत अशी सगळी धारदार मंडळी राहतात आणि आपापल्या धारेची मिजास मिरवतात. मी दिसायला पटाशीचीच थोरली बहीण, पण माझ्या तोंडाला धार नाही. ती नाही म्हणूनच मी कामाची आहे.

लाकडी जहाजाच्या दोन फळ्या कितीही घट्ट बसवल्या तरी त्यांच्या सांध्यातून पाणी आत येतेच. त्या सांध्यात तेलात भिजवलेला कापसाचा पीळ घालतात आणि तो ठोकून ठोकून असा बसवतात की पाण्याची डाळ शिजू नये. पिळावर टेकते ती मी, आणि माझ्या डोक्यावर बसते ती मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा. मला धार असती तर मी तो कापूस ठासण्याऐवजी तोडून टाकला असता. एवढे लक्षात ठेवा, कारण माझ्या घरच्यांच्या ते लक्षात राहिले नाही.

माझा जन्म कोकणातल्या एका बंदरावर झाला, त्याला आता दीडशे वर्षे होत आली. एका गलबताचा नांगर खडकात अडकून मोडला होता. त्याच्या तुकड्यातून लोहाराने मला घडवले आणि धाकोजी सुतारांच्या हाती दिले. धाकोजी गलबतावरचे सुतार होते. जमिनीवरचा सुतार दिवस मावळला की हत्यारे आवरून घरी जातो. गलबतावरच्या सुताराला घर तेच आणि काम तेच. आम्ही मस्कतपर्यंत कितीदा गेलो ते मोजायचे मी केव्हाच सोडून दिले. एकदा भर समुद्रात तळाचा सांधा उघडला. धाकोजी गुडघाभर पाण्यात बसून दीड दिवस मला चालवत राहिले. गलबत बंदराला लागल्यावर त्याच्या म्होरक्याने, तांडेलाने, त्यांना आपल्या शेजारी बसवून जेवू घातले आणि मला तेल लावून फडक्यात गुंडाळले. असा मान पटाशीला कधी मिळाला असेल तर तिने सांगावे.

पुढे लोखंडी आगबोटी आल्या. त्यांना ना सांधा, ना कापूस. गलबते किनाऱ्यावर कुजू लागली. तेव्हा धाकोजींना घाटावरून बोलावणे आले. पळसदेवला भीमा ओलांडायला माणसे आणि बैल बसतील अशी मोठी नाव बांधायची होती. दोन महिन्यांचे काम म्हणून धाकोजी घाट चढून आले आणि कायमचे राहिले. त्याला कारण भागूबाई. ज्या सुताराच्या घरी धाकोजी उतरले होते, त्याची ती मुलगी. ती भाकरी घेऊन नदीवर यायची आणि भाकरीपेक्षा जास्त प्रश्न आणायची. फळी वाकवायची कशी, समुद्राला पलीकडचा काठ असतो का, आणि या एकाच हत्याराला धार का नाही? धाकोजी सगळ्या प्रश्नांची उत्तरे देत गेले. लग्न झाले तरी तिचे प्रश्न संपले नाहीत.

त्यांच्या मुलांनी समुद्र पाहिला नाही. ती बैलगाडीची चाके आणि शेताचे नांगर करू लागली. धाकोजी गेले, आणि त्याच वर्षीच्या खंडेनवमीला मुलांनी पेटीतली सगळी हत्यारे धार लावायला बाहेर काढली. मीही त्यांच्या रांगेत होते. भागूबाईने मला हळूच उचलले. तिने कापसाची वात वळली, पाटावर ठेवली, तिच्यावर मला टेकवले आणि मोगरीचा एक टोला दिला. वात चेपली, पण तुटली नाही. मग तीच वात तिने निरांजनात लावली आणि मला हळदकुंकू वाहिले. दर खंडेनवमीला अशीच पूजा करायची, असे तिने थोरल्या सुनेला बजावले. त्या सुनेने ते पुढच्या सुनेला सांगितले. पूजा अशीच असते, एवढेच प्रत्येकीला ठाऊक होते.

मग अनेक वर्षे मी पेटीच्या तळाशी पडून होते. वर्षातून एक वात, एक टोला, की पुन्हा अंधार. मला राग येई, पण मी गंजले नाही.

मित्रांनो, मी समुद्र सोडला, पण पाण्याने माझा माग सोडला नाही. उजनीचे धरण झाले आणि जुने पळसदेव पाण्याखाली गेले. गाव वर सरकले. जिथे गाडीची चाके फिरत होती तिथे लाटा येऊ लागल्या. तेव्हा आमच्या घरात आप्पा कर्ते होते. नाव बांधायची विद्या त्यांना लहानपणी आजोबांनी, म्हणजे धाकोजींच्या मुलाने, तोंडी सांगितली होती. गावातल्या ज्ञानदेवची निम्मी जमीन पाण्याच्या पलीकडे राहिली. रस्त्याने जायचे तर केवढा तरी वळसा. आप्पांनी त्याला नाव बांधून दिली. दोघांनी मिळून फळ्या बसवल्या, ज्ञानदेवच्या बायकोने, अक्काबाईने, कापूस पिळला आणि सांधे ठासले ते मी. कित्येक वर्षांनी माझ्या तोंडाला तेलाचा वास लागला. त्या नावेतून ज्ञानदेव आणि अक्काबाई रोज आपल्या रानात जात.

आप्पा गेले, काही वर्षांनी ज्ञानदेवही गेला. आप्पांचे चिरंजीव सर्जेराव यांनी हायवेला दुकान टाकले. तिथे प्लायवूडचे पलंग आणि स्वयंपाकघरातली कपाटे होतात. त्यांची मुलगी सोनम बारामतीला शिकून आली आणि वडिलांच्या बरोबरीने दुकान चालवू लागली. पोरगी हाताची चलाख आहे. तिच्या हातून काम गेले की मापात केसाचाही फरक निघत नाही. आणि तिच्या याच नीटनेटकेपणाने माझा घात केला.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तिने सगळी हत्यारे ग्राइंडरवर घेतली. माझे तोंड पाहून तिला वडिलांच्या आळशीपणाची कीव आली. ठिणग्या उडाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला धार आली. सर्जेरावांनी मला उन्हात धरून पाहिले आणि लेकीची पाठ थोपटली. पटाशी माझ्याकडे पाहून हसत होती.

दुसऱ्या दिवशी सोनमची आई विजयमाला पूजेला बसली. तिने वात ठेवली, मला टेकवले आणि टोला दिला. वातीचे दोन तुकडे झाले. या घरात सून म्हणून आल्यापासून असे कधी झाले नव्हते. विजयमालाचा चेहरा उतरला. सणाच्या दिवशी अपशकुनाचे नाव काढायचे नाही म्हणून तिने गुपचूप दुसरी वात वळून लावली आणि कुणाला काही सांगितले नाही.

दिवाळीनंतर अक्काबाई दुकानात आली. नाव गळत होती. आप्पांचे हत्यार घरात आहे ना, मग ते चालवा, असे तिचे म्हणणे. सर्जेरावांनी लहानपणी वडिलांसाठी कापूस पिळला होता, पण ठासायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. सोनम म्हणाली, मी करते. दोन दिवस ती पाण्याकाठी उपड्या नावेपाशी बसली. प्रत्येक टोल्याला माझ्या तोंडाखाली कापूस तुटत होता आणि मला ते कळत होते. ओरडून सांगावेसे वाटले, पण हत्याराला तोंड असले तरी वाचा नसते.

तिसऱ्या दिवशी नाव पाण्यात घातली. दुपारपर्यंत तिच्यात घोटाभर पाणी साचले. अक्काबाईने काठावरून ते पाहिले. तिची मुलगी करुणा बारामतीला बँकेत आहे. आईने रोज लाकडी नाव वल्हवत बसू नये म्हणून तिने फायबरची हलकी होडी घेतली होती, ती रविवारी येणार होती.

“सर्जेराव, तुमचा दोष न्हाय,” अक्काबाई म्हणाली. “आप्पाचा हात आप्पासंगंच गेला. रविवारी पोरीची होडी येतीया. मग ही फोडून टाका. सडत पडल्याली मला बघवायची न्हाय.”

वडिलांच्या हातची शेवटची नाव आपल्याच हाताने फोडायची, हे सर्जेरावांना सोसणारे नव्हते. सोनमला तर रडूच फुटायचे बाकी होते. नाव पुन्हा काठावर ओढून उपडी केली तशी ती सांध्यातला कापूस उपसू लागली. तेवढ्यात विजयमाला सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. सोनमच्या पायाशी कापसाचे बोटबोटभर तुकडे पडले होते. विजयमालाने किटली खाली ठेवली आणि एक तुकडा उचलला. त्याची टोके कात्रीने कापल्यासारखी साफ होती.

“सोनम, खंडेनवमीला वात तुटली व्हती. अशीच,” ती म्हणाली. “मी अपशकुन समजून गप बसले.”

सोनमला काही उमगेना. विजयमालाने शिल्लक कापसातून वात वळली, नावेच्या फळीवर ठेवली, माझे तोंड तिच्यावर टेकवून टोला दिला. वातीचे दोन तुकडे झाले.

“दरसाली तुटत न्हाय. औंदाच तुटली, आणि औंदाच तू हिला धार लावलीस.”

सोनमने मला हातात घेतले आणि धारेवरून बोट फिरवले. मग आईकडे पाहिले. “म्हंजी ती पूजा न्हवती?”

“पूजाच व्हती,” विजयमाला म्हणाली. “पर हिचं तोंड तपासायची बी व्हती.”

मित्रांनो, त्या क्षणी मला भागूबाईची आठवण आली. नुसते सांगून ठेवले असते, तर पोरे दोन पिढ्यांत विसरली असती. म्हणून तिने सांगितले नाही, करायला लावले. सव्वाशे वर्षे सुना मला तपासत होत्या आणि त्यांचे त्यांनाही ठाऊक नव्हते. प्रश्न विचारणारी मुलगी अशी असते.

सोनमने ग्राइंडरला हात लावला नाही. कानस घेऊन तिने माझी धार हळूहळू उतरवली. गव्हाच्या दाण्याएवढे माझे अंग कमी झाले, त्याचे मला दुःख नाही. मधून मधून ती वात ठेवून पाही. नवव्या वेळी वात अखंड राहिली. मग सर्जेरावांनी कापूस पिळला, सोनमने सगळे सांधे नव्याने ठासले आणि विजयमालाने वरून राळ आणि तेल लावले. तिघेही जेवायचे विसरले.

रविवारी सकाळी नाव पाण्यात गेली. अक्काबाईने सोनमला समोर बसवले, वल्ही हातात घेतली आणि पलीकडचा काठ शिवून माघारी आली. नाव काठाला टेकल्यावर ती वाकली आणि पदराने तळ पुसला. पदर कोरडा निघाला. तिने सोनमचा हात हातात घेतला.

“आप्पाचा हात गेला न्हाय,” ती म्हणाली. “हितंच हाय.”

करुणाची होडीही त्याच दिवशी आली. तिचा निळा रंग अक्काबाईला आवडला, पण रानात जायला ती अजून लाकडी नावच काढते. काठावरच्या आणखी दोघांनी आपल्या जुन्या नावा सोनमकडे आणल्या आहेत. पटाशी आता माझ्याशी अदबीने बोलते.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू किंवा जुनी रीत असेल आणि ती तुम्हाला चुकल्यासारखी वाटत असेल. तिला सुधारायला निघण्याआधी ती अशी का आहे ते विचारा. कुणाला सांगता आले नाही, तर विजयमालासारखे शोधून काढा. आणि कारण सापडले की पुढच्याला कारणही सांगा, रीतही सांगा.

आज खंडेनवमी आहे. सोनमने सकाळपासून सगळ्यांना धार लावली आणि मला बाजूला ठेवले. मग ती पाटाशी बसली, आईने वळलेली वात माझ्या तोंडाखाली ठेवली आणि एक टोला दिला. वात अखंड आहे. आता तीच निरांजनात तेवते आहे, आणि सगळ्या धारदार मंडळींच्या पुढे मी बसले आहे.