एकोणीस नंबरचा पाना

खुशालराव बोलायला लागला की तीन घरं पलीकडे ऐकू जायचं. अंजनगाव सुर्जीत त्याच्या पिकअपचा हॉर्न एखाद्याला ओळखू आला नसता, पण त्याचा आवाज? तो साऱ्या गावाला पाठ! गाडीखाली पाठीवर पडून तो बायकोकडे पाने मागायचा, आणि सुभद्रेनं चुकून भलताच पाना हातात दिला की सुरू. "काहून बाई, डोये कुठी ठेवून आली? एकोणीसचा मांगतला मी, हा काय देऊन राहिली?" बावीस वर्षं तिनं हे ऐकलं. केळीचा माल अकोल्याला न्यायचा तेव्हाही तीच मागं डाल्यात, मालाच्या उघड्या हौद्यात, बसायची आणि केबिनच्या पत्र्यावर थाप मारायची. हिशोब एस्टीच्या कंडक्टरचा. एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चाल. तिथंही उशीर झाला की शिव्या. शेजारच्या पार्बताबाई म्हणायच्या, या माणसाच्या जिभेला हाड नाही, सुभद्रा आहे म्हणून निभावते.

आणि दिवाळीनंतर एका सकाळी तो आवाजच बंद पडला. लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. पार्बताबाई बघायला आल्या आणि जाता जाता सुभद्रेच्या कानाशी लागल्या. "घे, आता तुया जिवाले शांतता भेटली." बाई वाईट नव्हती, पण सुभद्रेला वाटलं, हिच्या कानाखाली एक ठेवून द्यावी.

शांतता कसली डोंबलाची! घर खायला उठलं होतं. लेक प्राजक्ता नाशिकला, ती रविवारी फोन करायची. बाकी सहा दिवस घरात माणसं दोन आणि आवाज एकाचाच, तोही भांड्यांशी बोलायचा. भाजीत मीठ कमी पडलं तरी कुणी ताट सरकवत नव्हतं. एकदा तर तिनं मुद्दाम अळणी वरण वाढलं. त्यानं डोळे मिटून गिळलं. त्या रात्री सुभद्रा पदर तोंडात धरून रडली.

पहिला महिनाभर त्यानं धडपड केली होती. "पाणी" म्हणायला जायचा आणि तोंडातून काहीतरी वेडंवाकडंच निघायचं. एकदा चार माणसं बसली असताना तसं झालं आणि कुणीतरी फिसकन हसलं. त्या दिवशी त्यानं तोंड मिटलं, ते मिटलंच. अकोल्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दर आठवड्याला आणा, बोलायला शिकवू. पण त्यांनी स्वतः तोंड उघडलं पाहिजे, आम्ही बाहेरून ओढून काढणार नाही.

एकदा नेलं. पाय दुमडत नव्हता म्हणून पुढं बसवता येईना. डाल्यात गादी टाकली, उशाशी सुभद्रा बसली, पुतण्या अमोल गाडीवर. हादरे झेलणारे मागचे दोन्ही शॉकअप कधीचे गेलेले. केळीचं काही बिघडलं नव्हतं, माणसाचं बिघडलं. अकोटच्या पुढं खड्डा आला की खुशालराव गादीसकट उडायचा. ओठ चावून पडून राहिला आणि डोळ्यांतून धारा. घरी आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून झोपला. पुढच्या आठवड्यात अमोल न्यायला आला तेव्हा त्यानं डाव्या हातानं पलंगाचा लोखंडी दांडा धरला आणि दोघांना मिळून तो एक हात सोडवता आला नाही.

"बरं," सुभद्रा म्हणाली. "गाडी आदयते म्हणून नाई येत ना? मंग गाडीच नाई आदयनार."

अमोल म्हणाला, "काकू, मिस्त्रीकडे टाकतो ना." ती म्हणाली, नवे शॉकअप तेवढे आणून दे, तुया काकानं या गाडीले मिस्त्रीचा हात लागू देला नाई. हे खरंच होतं. पण त्याच्या खालचं कारण तिनं कुणाला सांगितलं नाही. अंगणात, त्याच्या डोळ्यांसमोर, त्याच्या गाडीला हात घातला तर तो निदान बघेल. बोलणं राहू दे बाजूला. तीन महिन्यांत त्या माणसानं तिच्याकडे धड बघितलं नव्हतं.

सकाळचं आवरून तिनं लोखंडी पलंग ओसरीवर ओढला आणि नवऱ्याची पाठ भिंतीला टेकवली, म्हणजे तोंड अंगणाकडे. खुशालरावनं डोळे मिटून घेतले.

"झाका," ती म्हणाली. "मले काय."

पुढच्या चाकांना दगड लावले. मागून गाडी जॅकवर उचलली, चेसिसखाली बाभळीचा ओंडका सरकवला. चाकं लोंबायला लागली. नट गंजून चिकटले होते. डिझेलचं बोट फिरवलं, थोडं थांबली, मग एकोणीसचा पाना लावून पायानं दाबला. नट किंचाळला आणि सुटला. जुना शॉकअप काढून दाबला तर सायकलच्या फुटक्या पंपासारखा खाली बसला तो बसलाच. "पाहा बरं, हा जीव गेलेला," ती मोठ्यानं म्हणाली.

नवा शॉकअप उभा धरून पाच वेळा दाबून सोडला, कारण खुशालराव तसंच करायचा. वरची पिन बसवली, खालची बसवली, वायसर, नट. गाडीखाली एकटीनं झोपणं तिला माहीत नव्हतं. ती नेहमी बाहेर, पाने घेऊन बसलेली. खालून नुसता पत्रा दिसायचा आणि आपलाच श्वास ऐकू यायचा. इतकी वर्षं हा माणूस इथून ओरडायचा तो काय उगाच नाही, तिला वाटलं, इथं माणसाला कुणीतरी जवळ आहे का हे विचारावंसंच वाटतं.

ती नट कसायला लागली. तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला. टण.

सुभद्रा घाईनं बाहेर आली. "पाणी पायजे का?" त्याच्या डाव्या हातात स्टीलचा पेला होताच, पाण्यानं भरलेला, पलंगाच्या लोखंडाला टेकलेला. "ऊन लागते का?" नाही. "बाहीर जाचं का?" त्यानं मान फिरवली. ती परत खाली गेली, पाना लावला. टण! यावेळी पेल्यातलं पाणी सांडल्याचाही आवाज झाला.

"आता काय हो?" ती वैतागून बाहेर आली. तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो चाकाकडे बघत होता. लोंबणाऱ्या चाकाकडे, आणि कपाळाची शीर ताठ झाली होती.

चाक जमिनीले टेकल्याशिवाय कसाचं नाई, आतल्या रबराले पीळ पडते अन् ते महिन्यात फाटते. त्याच्याच तोंडून हजार वेळा ऐकलेलं! एक टण. म्हणजे थांब.

तिनं पाना मातीत ठेवला. "थांबली," ती म्हणाली. "थांबली बाप्पा."

मग नट ढिला केला, ओंडका काढला, जॅक उतरवला. गाडी आपल्या वजनानं चाकांवर बसली. तिनं पाना नटावर ठेवला, पण फिरवला नाही. ओसरीकडे कान लावून पडून राहिली. शेजारच्या कोंबडीचा आवाज, रस्त्यावरची मोटारसायकल. मग टण, टण.

तिनं नट कसला आणि गाडीखालीच हमसून हमसून रडली. बाहेर आल्यावर तोंड पुसलं तर सगळं ग्रीस गालाला लागलं.

दुसऱ्या बाजूला सगळं रीतसर झालं. गाडी उचलली, जुना काढला, नवा बसवला, गाडी खाली टेकवली. काहीच चुकलं नाही, आणि ओसरीवरून काहीच आवाज आला नाही. आता नट कसायचा तेवढा उरला. तो झाला की काम संपलं. खुशालरावचे डोळे तर पुन्हा मिटायला लागले होते.

तिनं एकोणीसचा पाना हळूच पिशवीच्या तळाशी सारला. वरचा दहाचा काढला आणि ओसरीच्या पायरीशी जाऊन उंच धरला.

"हा ना?"

डोळे उघडले. टण.

"हा नाई? मंग हा अशीन," म्हणत तिनं बाराचा धरला. टण! तिसऱ्या वेळी तिनं चौदाचा दाखवला, आणि खुशालरावचा चेहरा लालबुंद झाला. आत्ता तर हिनं एकोणीसचा वापरला होता! बावीस वर्षं गेली अन् बाईला पाना ओळखता येईना! त्यानं पेला आपटायचं सोडून दिलं आणि तोंड उघडलं. जे बाहेर पडलं ते शिवी होती की काय, देव जाणे. वाकडंतिकडं, लाळ गळत, मोठ्यानं. पार्बताबाई भिंतीवरून डोकावल्या, तरी त्यानं तोंड मिटलं नाही.

"काय म्हनता?" सुभद्रा म्हणाली. "मले समजलं नाई. आनखी बोला."

पिशवीत अकरा पाने होते. एकोणीसचा तिनं सगळ्यात शेवटी काढला.