दुसऱ्या जहाजावरचा बाबा

पलीकडच्या खोलीत इल्यास डबे वाजवतो आहे. एरवी मी केव्हाच ओरडले असते. आज वाजवू दे. तो आवाज येतो आहे तोवर मला उठून बघावं लागत नाही, आणि अशी चैन त्याच्या जन्मापासून मला फार वेळा मिळालेली नाही.

माझा नवरा शुक्री समुद्री चाचा आहे. रोज सकाळी तो आरशासमोर उभा राहून कोळशाने दाढी रंगवतो, डोक्याला लाल फडकं बांधतो, आणि आमच्या बेटावरच्या हूम्त सूक गावच्या बंदरात ‘काळी घार’ नावाच्या लाकडी जहाजावर पर्यटकांना घाबरवायला जातो. जहाज त्यांना रास रमलच्या वाळूच्या दांड्यावर नेतं, तिथे भाजलेले मासे खाऊ घालतं, पोहू देतं आणि दुपारी परत आणतं. “ट्यूनिसला जाऊन जर्मन शिकलीस आणि लग्न कुणाशी, तर चाच्याशी,” असं माझी बहीण अजूनही म्हणते. मी हसते. पण शुक्री डोलकाठीवर चढतो तेव्हा मी किनाऱ्यावर असले तरी डोळे मिटून घेते.

काल मी त्या जहाजावर गेले, कारण कप्तान बशीरकाकांचा जर्मन बोलणारा वाटाड्या आजारी पडला होता आणि जहाजभर जर्मन म्हातारे-म्हाताऱ्या येणार होत्या. सासूबाई मिदूनला लग्नाला गेलेल्या. मग इल्यासला घेऊनच जायचं ठरलं. तो येत्या हिवाळ्यात तीन वर्षांचा होईल. मी त्याच्या दंडांना हवेचे पिवळे फुगे बांधले, टोपी घातली, तळहातावर पेनाने माझा फोन नंबर लिहिला.

“अगं, सहलीला नेतेयस की टपालात टाकतेयस?” शुक्री म्हणाला.

“तू गप्प बस. तुझ्या त्या जहाजाला कठडा आहे का धड?”

“आहे की. कालच एक फ्रेंच बाई त्यावर बसून झोपली होती.”

जहाजावर चढताक्षणी तळहातावरचा नंबर घामाने पुसला गेला आणि टोपी समुद्रात गेली. बशीरकाकांनी पोराच्या डोक्याला लाल फडकं बांधलं, गालावर कोळशाची मिशी ओढली आणि म्हणाले, “विदाद, आता हा आमचा झाला. तू नुसती जर्मन बोल.”

मी जर्मन बोलत होते आणि डोळे इल्यासवर होते. हे मला येतं. भाजी चिरताना, फोनवर बोलताना, झोपेतसुद्धा माझा एक डोळा त्याच्याकडे असतो. शुक्री म्हणतो मी देवमाशासारखी झोपते, अर्धीच.

रास रमलला आमच्या शेजारी दुसरं जहाज लागलं होतं, ‘समुद्रराणी’. तेही तसंच लाकडी, त्यावरही तसेच काळे झेंडे, तशीच लाल फडकी, तशाच रंगवलेल्या दाढ्या. त्याचे कप्तान हाज्ज मबरूक आणि आमचे बशीरकाका लहानपणापासूनचे दोस्त. रोज परतीच्या वाटेवर दोघं भर समुद्रात लुटुपुटीची लढाई करतात. ढोल वाजतात, धूर सोडतात आणि लाउडस्पीकरवरून एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. पर्यटकांना अक्षर कळत नाही, पण टाळ्या भरपूर पडतात.

जेवणं सुरू होती. झावळ्यांच्या सावलीत मी इल्यासला मासा काटे काढून भरवत होते. तेवढ्यात पाण्यातून किंकाळी आली. आमच्यातल्या हिल्डे नावाच्या आजीबाईंना जेलीफिश चावली होती. पाय लालभडक, ओठ पांढरे, आणि बोलत होत्या फक्त जर्मन. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठले. शुक्री थोड्या अंतरावर ढोलवाल्यापाशी उभा होता.

“शुक्री, इल्यासकडे बघ!” मी ओरडले.

त्याने हात वर केला. मी गेले.

पाय समुद्राच्याच पाण्याने धुवायचा, चोळायचा नाही, काही होणार नाही, माझ्या आजीलाही दोनदा चावली होती, असं मी हिल्डेबाईंना सांगत बसले. त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता. बाई चांगल्या होत्या. मग भोंगा वाजला. ‘समुद्रराणी’ निघाली, आणि थोड्या वेळाने आमचाही भोंगा वाजला. मी हिल्डेबाईंना आधार देत जहाजावर चढायच्या फळीपर्यंत आणलं. शुक्री वर उभा राहून एकेकाला हात देत होता.

“इल्यास कुठाय?” मी विचारलं.

“म्हणजे? तुझ्याकडे आहे ना?”

“तुला सांगितलं मी. तू हात वर केलास!”

“मी ढोलवाल्याला हात केला. मला ऐकूच आलं नाही, विदाद.”

पुढचं मला सलग आठवत नाही. झावळ्यांच्या सावलीत अर्धा मासा होता, तसाच. दंडाचा एक पिवळा फुगा वाळूत पडला होता. एकच. मी त्या दांड्याच्या मागच्या बाजूला धावले. तिथे खाजण आहे, गुडघाभर पाणी आणि खाली मऊ चिखल, आणि त्यात गुलाबी रोहित पक्षी चोची बुडवून उभे असतात. इल्यासला पक्षी दिसले की तो सुटतो. मी हाका मारत चिखलात शिरले आणि सगळे पक्षी एकदम उडाले. पाणी मोकळं झालं. त्यावर काही नव्हतं. काही नाही हे बघून बरं वाटावं की घाबरावं, ते कळेना.

मला पोहता येत नाही. आमच्याकडच्या बऱ्याच बायकांना येत नाही, समुद्र चहूबाजूंनी असून.

परत आले तर शुक्री कपड्यांसकट जहाजाखाली बुड्या मारत होता. वर येई, श्वास घेई, पुन्हा जाई. कोळशाची दाढी ओघळून छातीवर आली होती. आणि कठड्याला टेकून उभे राहिलेले जर्मन टाळ्या वाजवत होते. तो वर आला की “ब्राव्हो!” बशीरकाका इकडून तिकडे पळत होते, आचारी चुलीमागचं उचकटत होता, मी केस मोकळे सुटलेली, कंबरेपर्यंत चिखल, रडत होते. एका गृहस्थाने माझं चित्रण चालवलं होतं. त्यांना वाटलं, हाही खेळच.

मी त्यांच्यासमोर जाऊन जर्मनमध्ये किंचाळले, “हे नाटक नाही! माझा मुलगा सापडत नाही!”

टाळ्या थांबल्या. एकदम सगळे म्हातारे झाल्यासारखे दिसले. मग फळीजवळ पाय वर करून बसवलेल्या हिल्डेबाई हळूच म्हणाल्या, “तो छोटा? लाल फडक्याचा? तो तर चाच्याच्या मागे फळीवरून जहाजात गेला की. त्याची पँट धरून.”

“कुठल्या चाच्याच्या? कुठल्या फळीवरून?”

“अगं बाळा,” त्या म्हणाल्या, “मला तुमचे सगळे चाचे सारखेच दिसतात.”

मी ‘काळी घार’ची फळी बघितली. मग वाळूत ‘समुद्रराणी’ची फळी टेकली होती तिथली खोबण बघितली. दोन्हींत अंतर किती, तर एखाद्या पोराने धावत जावं एवढं.

आचारी आणि दोन जण किनाऱ्यावर शोधायला राहिले. बाकी आम्ही निघालो. बशीरकाकांनी मबरूकना फोन लावला. वाजत राहिला. तिकडे नाचगाणं जोरात असतं, तोफ डागली तरी कळायचं नाही.

“असेल तिथे,” शुक्री म्हणाला. “तिथेच असेल.”

“आणि नसला तर?”

मी कठडा धरून पुढे उभी राहिले. समोर ‘समुद्रराणी’चे काळे झेंडे दिसत होते आणि त्यांचं गाणं ऐकू येत होतं. जवळ जाऊ लागलो तसा आमच्या ढोलवाल्याने सवयीने ढोल बडवायला सुरुवात केली.

“बंद कर रे ते, गाढवा!” काका गरजले.

पण ढोल तिकडे पोचला होता. त्यांनी आम्हाला वेगाने येताना पाहिलं आणि ठरल्याप्रमाणे धूर सोडला. निळा, दाट. लाउडस्पीकर खरखरला आणि मबरूककाकांचा आवाज आला, “या, या, मासेचोरांनो! आज लवकर आलात मार खायला?”

बशीरकाकांनी माईक उचलला. “मबरूक, ऐक! तुझ्या जहाजावर एक पोरगा आहे का? लहान पोरगा?”

“आहे की! पोरगा आहे, तुझी सासूही आहे! पोरगा ने, सासू ठेवतो!”

तिकडे हशा, टाळ्या, ढोल.

“मबरूक, थट्टा नाही ही!”

“थट्टा कसली? खंडणी आण! दोन उंट आणि तुझी मिशी!”

मला कळत होतं की त्यांचा यात काही दोष नाही. रोज हेच चालतं. “थट्टा नाही” हेसुद्धा रोजचंच वाक्य होतं. मी काकांच्या हातातून माईक हिसकावून घेतला. त्या जहाजावरून कधी बाईचा आवाज गेला नसेल. माझ्याही तोंडून आधी नुसता श्वासच बाहेर पडला, मोठा, भयंकर, सगळ्या समुद्रावर.

“मबरूककाका, मी विदाद. शुक्रीची बायको. माझा इल्यास हरवलाय. अल्लाची शपथ, खेळ नाही. लाल फडकं आहे डोक्याला. बघा हो, काका. पाया पडते तुमच्या, बघा.”

गाणं मध्येच तुटलं. ढोल थांबले. धूर आमच्या दोन जहाजांच्या मध्ये लोंबकळत राहिला आणि त्यापलीकडे मला काही दिसेना, नुसती पावलं ऐकू येत होती, फळ्यांवरून धावणारी, आणि कुणीतरी कुणालातरी हाका मारत होतं. शुक्रीने माझा हात धरला. त्याची बोटं बर्फासारखी होती.

मग लाउडस्पीकर खरखरला. कुणी बोललं नाही. माईकच्या अगदी जवळ एक श्वास ऐकू आला, वाहत्या नाकातून येणारा, जोरजोराचा. तो श्वास मी अंधारात, तापात, हजारदा ऐकलेला आहे.

“आई,” लाउडस्पीकर म्हणाला, “शी आली.”

दोन्ही जहाजांवरचे चाचे जे हसले, तसे ते पैसे घेऊन कधी हसले नसतील. बशीरकाका सुकाणूवर डोकं टेकवून हसत होते आणि डोळे पुसत होते. जर्मनांना मी काहीच सांगितलं नाही, तरी त्यांना कळलं. शुक्री मटकन खाली बसला. मी बसले नाही. मला पोर हातात हवं होतं.

जहाजं एकमेकांना लागली. लुत्फी नावाचा त्यांचा चाचा, बांध्याने अगदी शुक्रीसारखा, इल्यासला उचलून कठड्यापाशी आला. पोराच्या हातात बिस्किटांचा पुडा होता आणि दंडाला एक पिवळा फुगा.

“वहिनी, माफ कर,” लुत्फी म्हणाला. “माझ्या पँटला धरून चढला. मला वाटलं, पोलिश आज्यांपैकी कुणाचा नातू. त्याच तर भरवत होत्या त्याला.”

त्याच्यामागे एक पोलिश आजी हात हलवून हलवून काही सांगत होती. ती लुत्फीकडे बोट दाखवी, मग इल्यासकडे, मग छातीवर हात ठेवी. तिला वाटलं होतं की पोर चाच्याचं. तिकडे सगळ्यांनाच वाटलं होतं की पोर दुसऱ्या कुणाचं तरी आहे, आणि म्हणून सगळ्यांनी त्याला नीट सांभाळलं होतं.

मी त्याला घेतलं. जड होता. चिकट होता. बिस्किटांचा आणि त्याने सांगितलेल्या गोष्टीचा वास येत होता, कारण तोवर उशीर झाला होता.

“कुठे गेला होतास रे माझ्या राजा?”

“बाबासोबत.” त्याने लुत्फीकडे बोट दाखवलं आणि तक्रारीच्या सुरात म्हणाला, “हा बाबा बोलतच नाही माझ्याशी.”

लुत्फीचा चेहरा पडला. मग इल्यासने खाली बसलेल्या शुक्रीकडे पाहिलं. त्याची दाढी धुऊन गेली होती, केसांतून पाणी गळत होतं. पोराने बराच वेळ विचार केला.

“हा कोण?” त्याने मला विचारलं.

“हाच बाबा.”

“हा रडतो.”

“हो. म्हणूनच तो आपला.”

मबरूककाकांनी लाउडस्पीकरवरून जाहीर केलं की ‘समुद्रराणी’ने आज शरणागती पत्करली आहे आणि खंडणी माफ. बशीरकाका म्हणाले, सासू परत नको. किनाऱ्यावर राहिलेल्या तिघांना फोन गेला की पोर सापडलं, घ्यायला येतो, आणि ढोल पुन्हा सुरू झाले.

मी इल्यासला जहाजाच्या मागच्या बाजूला नेलं, शुक्रीने बादली ओतली, मी धुतलं. तेव्हा आमचं भांडण झालं. “तू हात वर केलास.” “तू जवळ येऊन का नाही सांगितलंस?” “बाई मरत होती!” “जेलीफिश होती!” दोघंही खालच्या आवाजात, दात ओठ खात, पोराच्या डोक्यावरून. इल्यास मध्येच म्हणाला, “पाणी गार आहे,” आणि शुक्रीला हसू फुटलं. मग मलाही. मी इतकी हसले की पोट दुखायला लागलं, आणि त्या दुखण्याने कळलं की सकाळपासून माझ्या पोटात काही नाही.

हिल्डेबाईंनी त्यांच्या वाट्याची ब्रीक, अंडं भरून तळलेली करंजी, राखून ठेवली होती, गार, तेलकट, आतलं अंडं घट्ट झालेलं. त्यांच्या शेजारी बसून मी ती खाल्ली. आणखी कुणी मासा दिला, तो खाल्ला. हरीसाची तिखट चटणी लावून पाव खाल्ला. इल्यास माझ्या मांडीवर झोपला होता आणि शुक्री, दाढी न रंगवताच, डोलकाठीवर चढला. मी चावता चावता वर बघत राहिले.