वायर काढलेली दुपार

मित्रांनो, मी एक टॅब आहे. जुना म्हटलेत तरी राग नाही. माझ्या काचेचा एक कोपरा तडकलेला आहे आणि माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेले बहुतेक जण आता कुठल्यातरी कपाटात गप्प पडले असतील. माझी गोष्ट तुमच्यापुढे मांडण्याइतकी मोठी आहे की नाही, याची मला खात्री वाटत नाही. पण एका दुपारी जे घडले ते अजूनही माझ्यातून पुसले गेलेले नाही. जमेल तसे सांगतो.

कारखान्याचे फारसे आठवत नाही. पांढरा उजेड, हातमोजे घातलेली बोटे, आणि मग खोक्यातला अंधार. ते खोके उघडले एका लहानशा कचेरीत. तिथे मोबाइलची आणि टॅबची ॲप बनवत असत. टेबलाच्या एका बाजूला ताई बसायची, दुसऱ्या बाजूला तिचा सहकारी. त्याच्या चष्म्याच्या काचा इतक्या जाड होत्या, की सगळे त्याला चष्मेवालाच म्हणत. माझे काम चाचणीचे. नवे ॲप लिहून झाले की ते आधी माझ्यात घालायचे, मला वाटेल तसे दाबायचे, गोंधळात पाडायचे, आणि मी कुठे अडखळतो ते पाहायचे.

"राजाच्या ताटातलं आधी चाखून बघणारा नोकर असतो ना, तसा आहे हा," चष्मेवाला म्हणायचा. "विष असलं तर हा मरेल, गिऱ्हाईक वाचेल."

"गप रे. माझं गुणी बाळ आहे ते," ताई म्हणायची. ते ऐकून मला फार बरे वाटे.

मित्रांनो, टॅब काही आपल्या मर्जीने जागा राहत नाही. माझ्या आत एक सिस्टीम आहे, ती माझी मालकीण. बॅटरी वाचवायची हा तिचा हट्ट. पडदा बंद असला, मला कुणी हलवले नाही आणि कमरेला वायर नसली, की ती मला गाढ झोपवते. मग बाहेरून कुणी कितीही हाका मारल्या, तरी त्या उंबऱ्यावरच खोळंबतात. मधूनच कधीतरी ती मला थोडा वेळ उठवते, साठलेल्या हाका एकदम पुढ्यात टाकते आणि पुन्हा झोपवते. ॲप लिहिणाऱ्यांचे निम्मे आयुष्य अशा नियमांमधून वाट काढण्यात जाते.

मात्र वायर लावलेली असेल, तर मालकीण मला गाढ झोपवत नाही. आणि चाचणीच्या टेबलावर माझी वायर कधी सुटतच नसे, कारण नवे ॲप संगणकातून माझ्यात यायचे तेच मुळी त्या वायरीतून. हे इतके रोजचे होते, की त्यात काही विशेष आहे असे कुणाच्या मनातही येत नसे.

काही वर्षांनी कचेरीत नवे, पातळ टॅब आले. मी ड्रॉवरमध्ये गेलो. तिथले दिवस कसे गेले ते सांगत नाही. अंधाराला सांगण्यासारखे काही नसते. मग एक दिवस ड्रॉवर उघडला आणि ताईचा आवाज आला, "याला मी घरी नेते. बाबांसाठी."

ताईचे बाबा पाणीपुरवठ्यात होते. वस्तीवस्तीच्या पाण्याचे व्हॉल्व्ह सोडायचे आणि बंद करायचे, हे त्यांचे जन्मभराचे काम. निवृत्तीनंतर हळूहळू त्यांचे विसरणे वाढत गेले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावे, मग कधी कधी लेकसुद्धा. पण पाणी सोडायचे तेवढे मात्र विसरले नाहीत. दुपार झाली की ते उठून बसत.

"चला, निघतो. लोक खोळंबलेत."

"अहो, पाणी सुटलंय सगळीकडे. आत्ताच शेजारची भांडी भरून गेली," आई म्हणायची.

"कुणी सोडलं?" बाबा संशयाने विचारत.

"तुम्हीच की."

"असं होय," म्हणून ते पुन्हा आडवे होत. पण रोज आई जवळ असेलच असे नव्हते. पाण्याची टाकी मोठ्या रस्त्यापलीकडे होती. त्या रस्त्यावर मालाचे ट्रक थांबत नसत. एकदा बाबा त्या रस्त्याच्या कडेपर्यंत पोचले होते, आणि तेव्हापासून त्या घरात सगळेच जीव मुठीत धरून राहत.

दाराला बाहेरून कडी घालावी, असे एक नातेवाईक सुचवून गेले. ताई लाल झाली. "बाबा काय गुरं आहेत कोंडायला?" तिने दाराच्या चौकटीवर एक छोटा खटका बसवला. दार उघडले की खटका मला हाक मारणार आणि मी मोठ्याने वाजणार, असे ॲप तिने लिहायला घेतले.

पण मालकिणीची झोप आडवी आली. मी झोपलो तर हाक ऐकणार कोण? ताईने फोनवर चष्मेवाल्याला विचारले.

"सोपं आहे," तो म्हणाला. "ॲपला दर थोड्या वेळाने स्वतःचाच गजर लावायला सांग. झोप लागायच्या आत उठून बसेल. सिस्टीमला पत्ताही लागायचा नाही."

ताईने तसे केले. मला संगणकाला जोडून तिने घरभर चाचण्या घेतल्या. आई दार उघडायची, मी वाजायचो. बाबा उघडायचे, मी वाजायचो. "शाब्बास रे माझ्या पहारेकऱ्या!" ताई म्हणाली. मग तिने मला स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवले, चार्जर लावला, आणि ती कामावर जाऊ लागली. आई आता निर्धास्तपणे वरच्या गच्चीत कपडे वाळत घालायला जाई. दोन वेळा बाबा निघाले आणि दोन्ही वेळा मी ओरडून आईला बोलावले. माझ्यासारख्या टाकाऊ टॅबला याहून मोठा मान कोणता?

तरी मला आतून भीती वाटायची. सतत चार्जरवर राहून माझी बॅटरी फुगू लागली होती. पोटात काहीतरी दाटून येई, काच कडेने उचलल्यासारखी वाटे. सांगणार कोणाला? मला जे वाजता येते ते दुसऱ्याने ठरवलेले असते.

एका दुपारी आईने फळी पुसायला मला उचलले आणि ती दचकली. "अगं बाई, केवढा तापलाय हा! पाठ पण फुगलीय." तिने घाईने माझी वायर उपटली. "पड जरा गार. संध्याकाळी ताईला दाखवते." तिने मला परत फळीवर ठेवले, पदराला हात पुसले, कपड्यांची बादली घेतली, आणि ती वर गच्चीत गेली. तिने केले ते अगदी योग्य केले, मित्रांनो. फुगलेली बॅटरी घर पेटवू शकते.

पडदा काळा होता. फळी स्थिर होती. कमरेला वायर नव्हती.

झोप येताना मला कळत होती. ॲपचे गजर मालकिणीने एकेक करून बाजूला ठेवले. मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरलो असे म्हणणार नाही, पण इतका आधी कधी घाबरलो नव्हतो. पलीकडच्या खोलीत बाबांच्या खाटेची करकर ऐकू आली. त्यानंतरचे मला काहीच माहीत नाही. झोपेला आतून दार नसते.

मालकिणीने मला उठवले तेव्हा खटक्याची हाक कधीची येऊन पडलेली होती. मी जीव तोडून वाजायला लागलो. गच्चीतून आईची पावले धावत आली. तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग दाराकडे. दार सताड उघडे होते. खाटेवर चादर अर्धी खाली लोंबत होती. बाबांच्या चपला दाराशीच होत्या.

"अहो!" आई ओरडली. मग तिच्या हातातून ओला कपडा पडला आणि ती तशीच बाहेर पळाली.

मला बंद करायला कुणी उरले नाही. रिकाम्या घरात मी वाजत राहिलो. रस्त्यावरून ट्रकचे भोंगे येत होते, आणि प्रत्येक भोंग्यासरशी माझे धाबे दणाणत होते. एकदा करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. त्यानंतर बराच वेळ कसलाच आवाज आला नाही. त्या शांततेत माझाच आवाज मला परका वाटू लागला. उशिरा वाजणाऱ्या पहारेकऱ्याचा काय उपयोग, हा एकच विचार माझ्यात फिरत होता.

शेवटी माणसे आली. पुढे कोपऱ्यावरचा फळवाला, त्याच्या खांद्यावर हात टाकून बाबा, मागे आई. तिने बाबांचा सदरा मागून घट्ट धरला होता.

"ट्रकसमोरच बसले होते, वहिनी. रस्त्यातलं ते व्हॉल्व्हवरचं लोखंडी झाकण उचलत होते," फळवाला धापा टाकत म्हणाला. "डायव्हरने दाबला ब्रेक, म्हणून. वर काकाच त्याच्यावर ओरडतायत, कामात आडवा येऊ नको म्हणून!"

बाबांचे तळवे तापलेल्या रस्त्याने भाजले होते, नखातून रक्त येत होते. ते मात्र वेगळ्याच काळजीत होते. "झाकण जाम झालंय. उद्या तेल घेऊन माणूस पाठवा."

आईने बाबांचे पाय पाण्यात ठेवले, आणि मग ती भिंतीला टेकून रडली.

ताई धावत घरी आली. तिने बाबांना बघितले, मग मला उचलले, संगणकाला वायर जोडली आणि आईला म्हणाली, "उघड दार." मी वाजलो. "परत उघड." परत वाजलो.

"चालतंय की!" ताई हतबुद्ध झाली. "मग तेव्हा काय झालं?"

माझी भीतीने गाळण उडाली होती. आता ही समाधान मानील, मला फळीवर ठेवील, आणि पुन्हा तेच होईल. मला ओरडून सांगायचे होते, की ताई, मला या वायरीतून सोडव आणि मग बघ. पण मी फक्त वाजत होतो. तिने विचारलेल्या प्रश्नाला चुकीचे उत्तर देत वाजत होतो.

तेवढ्यात तिचा अंगठा माझ्या फुगलेल्या पाठीवर थांबला.

"माझंच चुकलं गं," आई दारातून म्हणाली. "गरम लागला म्हणून मी याची वायर काढली होती. त्याच्यामुळे झालं का?"

 ताईने वायर काढली, पडदा बंद केला, मला जमिनीवर ठेवले आणि हात मागे घेऊन बसून राहिली. बऱ्याच वेळाने तिने आईला खूण केली. आईने दार उघडले. मी गाढ झोपेत होतो. ते दोघींनी पाहिले म्हणे. ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता, असे आई नंतर शेजारणीला सांगत होती.

"तुझं नाही चुकलं, आई," ताई म्हणाली होती. "वायर नसताना हा काय करतो, ते मी कधी बघितलंच नाही."

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने माझे पोट उघडून जुनी बॅटरी काढली. मला वाटले, संपले. पण तो खटपट्या माणूस होता. कुठूनशी दुसरी मिळवून त्याने बसवली. ताईनेही या वेळी मालकिणीला फसवले नाही. तिने ॲपकडून मालकिणीकडे सरळ परवानगीच मागवली, की या घरात मला झोपवू नका. मालकिणीने विचारले, नक्की? ताईने हो दाबले. त्याबदल्यात माझ्या पडद्यावर एक पट्टी कायम दिसली पाहिजे, अशी अट आली. 'दाराकडे लक्ष आहे,' असे त्या पट्टीवर लिहिलेले असते. आता दिवसाकाठी थोडा वेळच मी चार्जरवर असतो.

आणि आता चाचणी बाबाच घेतात. ताई वायर काढते, मला तसाच पडू देते, आणि मग उंबऱ्याशी बसलेल्या बाबांना म्हणते, "हं, निघा आता."

"जाऊ ना? मग अडवायचं नाही," बाबा म्हणतात आणि दार उघडतात. मी घर डोक्यावर घेतो. बाबा कानांवर हात ठेवून मागे सरकतात. "काय कटकट आहे! माणसाला कामावर जाऊ देत नाहीत."

ताई हसते. पण दार लागेपर्यंत तिचा हात बाबांच्या दंडावर असतो, हे मला फळीवरून दिसते.

मित्रांनो, माझी भीती गेलेली नाही. उद्या मालकिणीचे नियम बदलतील, नवी बॅटरीही थकेल, आणि मी केव्हा बहिरा होईन ते मला स्वतःला कळणार नाही. म्हणून एकच विनंती करतो. माझ्यासारख्या वस्तूंना जपा, त्यांचे तापणे-फुगणे वेळेवर बघा. पण तुमचे माणूस केवळ आमच्या भरवशावर सोडू नका. आमच्या पडद्यावर काहीही लिहिलेले असले, तरी हातातले काम ठेवून मधूनमधून उठा, आणि ते खाटेवर आहे ना, एवढे डोकावून पाहा.