एकाच कुशीवर पडलेला पाट

मी पाट बोलतोय. जरा हळूच बोलतो, कारण दाराबाहेर राखणदार बाफोमामा बसलाय. त्याचे डोळे गेले असले तरी कान अजून शाबूत आहेत.

एका बिनखिडकीच्या खोलीत मी पडलोय. पडलोय म्हणजे खरंच पडलोय, डाव्या कुशीवर. एकोणचाळीस वर्षं झाली. माणसाचं अंग एका रात्रीत अवघडतं, तो कूस बदलतो आणि पुन्हा घोरायला लागतो. मला कूस बदलायला दुसऱ्याचा हात लागतो, आणि माझ्या अंगाला हात लावायचा नाही असा इथला नेम आहे.

हाल होतात असं म्हणणार नाही. दर बेचाळीस दिवसांनी, पितरांच्या दिवशी, माझ्यासमोर जेवणाची वाटी येते. माझ्या दारात भलेभले चपला काढतात, खांद्यावरचं वस्त्र खाली उतरवतात. पण मी पाट आहे हो! पाटाला जेवून काय करायचंय? पाटावर कुणीतरी बसावं लागतं.

माझा जन्म सेसेच्या झाडातला. कारागिरानं घाव घालण्याआधी बुंध्यावर अंडं फोडलं, थोडी दारू शिंपडली आणि झाडाला म्हणाला, "बाबा, पोटासाठी येतोय. राग धरू नकोस, कुऱ्हाड माझ्या पायावर पाडू नकोस." मग एकाच ओंडक्यातून त्यानं मला कोरलं. खिळा नाही, सांधा नाही. खाली सपाट तळ, मधे नक्षीचा खांब, वर चंद्रकोरीसारखी वाकलेली बैठक. उंची गुडघ्याएवढी आणि रंग दुधासारखा पांढरा.

मला घेतलं अडू नावाच्या एका तरण्या शेतकऱ्यानं, बायकोसाठी. आमच्या अशांती नावाच्या मुलखात नवरा बायकोला पाट देतो. तिनं संसारात पक्कं बसावं, एवढाच त्याचा अर्थ. बायकोचं नाव बिरागो. तिनं मला उलटासुलटा करून पाहिलं आणि म्हणाली, "माप घेऊन आणलास की अंदाजानं?"

"अंदाजानं," अडू म्हणाला. "पण रोज बघतोय ना, चुकायचा नाही."

तिनं त्याला केळीची साल फेकून मारली आणि माझ्यावर बसली. माप बरोबर होतं.

काय दिवस होते ते! ती माझ्यावर बसून सार ढवळायची, भुईमुगाच्या शेंगा फोडायची, पोरांच्या वेण्या घालायची, शेजारणीशी भांडायची. भांडताना इतकी हलायची की माझा तळ जमिनीत रुतायचा. आठवड्यातून एकदा वाळू आणि लिंबानं मला घासून पांढरा करायची. आणि उठली की न चुकता मला कुशीवर आडवा करायची. रिकाम्या पाटावर भटकणारं भलतंच कुणी येऊन बसू नये, म्हणून. ते आडवं होणं मला आवडायचं. दमलेल्यानं जरा पाठ टेकावी तसं. कारण ठाऊक असायचं, घटकाभरात ती येणार आणि मला उभा करणार.

आमच्यात गादी आईच्या रक्तानं चालते. बिरागोची मावशी आमच्या ओडुमक्रोम गावची राणी होती. ती गेल्यावर वडीलधाऱ्यांनी बिरागोला राणी केलं. त्या दिवसापासून सगळे तिला 'नाना' म्हणू लागले. आजी असो, आजोबा असो, राजा असो की राणी, मान द्यायचा म्हटलं की आमच्याकडे हा एकच शब्द. राणी म्हटल्यावर महाल डोळ्यांपुढे आणू नका. सकाळी अंगणात माझ्यावर बसून गावातल्या बायकांचे तंटे सोडवायची आणि दुपारी माझ्यावरच बसून शेंगा फोडायची. फरक एवढाच झाला की आता शेजारीण भांडायला येईना. त्याचं नानाला फार वाईट वाटायचं.

राणीचं एक काम मात्र मला सगळ्यात प्रिय होतं. गावातली मुलगी वयात आली की पहाटे तिला नानाच्या अंगणात आणायचे. न्हाऊमाखू घातलेली, गळ्यात मणी, चेहरा भेदरलेला. दोन म्हाताऱ्या तिचे दंड धरायच्या आणि तिला माझ्यावर टेकवायच्या. टेकवली की लगेच उचलायच्या. पुन्हा टेकवायच्या, पुन्हा उचलायच्या. तिसऱ्या वेळी तिला पुरतं बसू द्यायच्या. की ढोलकं घुमलंच, बायका गायला लागल्याच. मग उकडलेलं अंडं तिनं दात न लावता गिळायचं. त्याला दात लावला तर पोटच्या लेकराला लावल्यासारखं.

हे झालं की नाना तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "हलकी आहेस. जा, जड हो."

चिमणीएवढं वजन असायचं त्या पोरींचं. नानाच्या काळातली ओडुमक्रोमची प्रत्येक पोर मी अशी पहिल्यांदा तोलली आहे. फक्त एक राहिली.

ती नानाची नात सेवाह, लेकीची लेक. सतत पायात घोटाळणारी, जमिनीवर टाचा आपटत पळणारी. प्रत्येक मुलीचा सोहळा ती खांबाला मिठी मारून बघायची आणि नंतर विचारायची, "नाना, मला कधी टेकवणार?"

"तुझी वेळ येईल तेव्हा."

"आत्ताच टेकव ना, बघू तरी कसं लागतं."

"गोड लागतं! पळ इथून. आणि ऐक, दुसऱ्या कुणाच्या पाटावर बसलीस ना, तर तंगडं मोडीन. याच्यावर बसायचं तू. आणि मग हा घेऊनच जायचा. तुझाच आहे तो माझ्यानंतर."

हे मी ऐकलंय. सेवाहनं ऐकलंय. तिसरं कुणी तिथं नव्हतं, तिथंच सगळं बिनसलं.

त्या वर्षी धुळीचे कोरडे वारे सुटले आणि नानाच्या छातीत खोकला बसला. तिसऱ्या आठवड्यात ती गेली.

वडीलधारी मंडळी जमली. राणी फार चांगली होती, हिचा पाट राखायचा, असं एकमतानं ठरलं. आमच्यात चांगल्या राजाचा किंवा राणीचा पाट काळा करतात. चुलीवरच्या आढ्याची काजळी, कोळ्यांची जाळी आणि अंड्याचा बलक कालवून तो लेप अंगभर चोळतात. मग तो बसायचा पाट राहत नाही, गेलेल्या माणसाचा जीव त्यात राहतो असं मानतात. एवढा मोठा मान! पण ज्या अंगाला तिनं उभा जन्म वाळू-लिंबानं पांढरं ठेवलं, त्याला ते काजळी फासत होते. त्यांनी वाईट कशाला केलं असतं? हात जोडून करत होते बिचारे.

सेवाह मधे घुसली. "तो माझा पाट आहे! नानानं मला दिलाय!"

"गप गं," एक म्हातारा म्हणाला. "आता तो पाट नाही. आता त्या नाना आहेत. नानांना कुणी घरी नेतं का?"

मला या खोलीत आणून डाव्या कुशीवर ठेवलं आणि दार लावलं.

तीन महिन्यांनी बाहेर ढोलकं घुमलं. मी ओळखलं, कुणाची तरी वेळ आली. बायका गायला लागल्या. गाणं थांबलं, आणि एक मुलगी हुंदके देऊन रडायला लागली. आवाज सेवाहचा होता. तिला दुसऱ्याच्या पाटावर टेकवत होते.

आणि नेम असा की, या खोलीत पाळी येणाऱ्या बाईनं पाऊल टाकायचं नाही. म्हणजे ती ज्या दिवशी बाई झाली, त्याच दिवशी माझं दार तिला बंद झालं. ते पुन्हा कधी उघडणार? तर ती म्हातारी होईल तेव्हा.

मी वाट बघायची ठरवली. दुसरं करणार काय?

इतकी वर्षं आत माझ्याजवळ येतो तो फक्त राखणदार बाफोमामा. नानाच्या नात्यातला, स्वभावानं भला, तोंडानं अखंड चालू. दारू शिंपडतो आणि मला गावच्या बातम्या सांगतो. "नाना, तुमच्या पणतवानं मोटरसायकल घेतली बरं का. पहिल्याच दिवशी माझ्या कोंबड्यावर घातली. तुम्हीच बघा आता त्याच्याकडे." मी काय बघणार? "नाना, नवी राणी बरी आहे, पण तुमच्यासारखी ओरडत नाही. गावाला शिस्त राहिली नाही." "नाना, सेवाहला चौथं झालं."

मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे बाबा, नाना इथं नाही! एकोणचाळीस वर्षांत एकदाही आली नाही. ती असती तर इतकी वर्षं गप्प बसली असती का? मी नुसता पाट आहे, तिच्या नावानं कोंडलेला.

चार पावसाळ्यांपूर्वी पत्रा गळायला लागला. जमिनीला ओल धरली आणि खालून वाळवी आली. सेसेचं लाकूड मऊ, तिला खाऊ मिळाला. वरचा काजळीचा थर जाड, तो ती सोडून देते. त्यामुळे बाहेरून मी जसाच्या तसा काळाभोर, आणि आतून तिचे बोगदे. सारखी बारीक करकर चालू असते. बाफोमामा वाकून नमस्कार करतो, पण मला उचलून बघत नाही. कसा बघेल? हात लावायचा नाही ना.

तेव्हापासून मला एकच घोर लागला. सेवाह आधी म्हातारी होते की वाळवी आधी माझा खांब संपवते?

गेल्या महिन्यात वाटी रांधणारी म्हातारी वारली. माझ्यासाठी रांधायलाही पाळी गेलेलीच बाई लागते. बाहेर बायकांची कुजबुज चालली होती.

"सेवाह, तुझी गेली ना गं यंदा?"

"गेली."

"मग झालीस म्हातारी! आणि हसतेस काय अशी? आम्ही रडलो होतो."

"तुम्हाला काय माहीत," सेवाह म्हणाली. "मी बारा वर्षांची होते तेव्हापासून म्हातारी व्हायची वाट बघतेय."

काल बेचाळिसावा दिवस होता. दाराशी बाफोमामाचा आवाज आला, "वाटी तूच आत ठेव बाई. मला आता दिसत नाही, मागच्या वेळी नानांचं कोनफळ माझ्याच मांडीवर सांडलं. मी इथं बसून बोलतो त्यांच्याशी."

टाचा वाजल्या. जडावलेल्या होत्या, पण त्याच.

तिनं कुस्करलेल्या बिनमिठाच्या कोनफळाची वाटी खाली ठेवली, वर सोललेलं अंडं. माझ्याजवळ बसली आणि अगदी हळू म्हणाली, "ओळखलंस का रे?"

मग तिनं मला हात लावला. दोन्ही हातांनी उचलून उभा केला. माझ्यातून पिवळा भुसा झरझर गळला.

"अरे देवा," ती पुटपुटली. खांबाच्या खालच्या बाजूला तिचं बोट आत गेलं.

बाफोमामाला हाक मारायला तिनं तोंड उघडलं. मिटलं. मला कळलं ती काय विचार करतेय. सांगितलं तर मंडळी जमणार, माणसासारखं पांढऱ्या कापडात गुंडाळून मला पुरणार, आणि इथं नवा पाट काळा करून ठेवणार. नाही सांगितलं तर वाळवी आहेच. आणि तिनं जे मनात आणलं होतं ते करताना कुणी पाहिलं असतं, तर मेंढरू दंड आणि राणीच्या घराचं दार कायमचं बंद.

बाहेर बाफोमामा सुरू झाला होता. "नाना, या, जेवा. पाऊस द्या, पोरंबाळं सांभाळा, मोटरसायकलवाल्याला अक्कल द्या..."

सेवाह उठली. दंड धरायला कुणी नव्हतं. तिनं एक हात भिंतीला लावला, दुसरा स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला आणि माझ्यावर टेकली. लगेच उठली.

पुन्हा टेकली. पुन्हा उठली. तिचा श्वास लागला होता.

तिसऱ्यांदा ती बसली. पुरती, अंग सैल सोडून बसली. पाच बाळंतपणं, डोक्यावरून वाहिलेली पाण्याची सगळी भांडी, मातीत घातलेला एक मुलगा, सगळं घेऊन बसली. केवढं वजन! माझ्या तळानं एकोणचाळीस वर्षांनी जमीन दाबली. वाळवीची करकर थांबली. खांबात कुठंतरी कट्कन आवाज झाला.

"काय गं वाजलं?" बाहेरून बाफोमामा.

"माझे गुडघे, मामा."

"इतके? तेल चोळत जा." मग त्यानं विचारलं, "नाना जेवल्या का? काय म्हणतात?"

सेवाहनं वाटीतलं अंडं उचललं आणि दात न लावता गिळलं. डोळ्यांत पाणी आलं. मग घसा साफ करून म्हणाली, "म्हणतात, पोरगी जड झाली."

 बाहेर बाफोमामा मांडीवर थाप मारून ओरडला, "बघ! हे नानाच म्हणणार! इतकी वर्षं मी सांगतोय, आहेत त्या आत!"

आणि खरं सांगतो, त्या घटकेला मलाही तसंच वाटलं.

जाताना सेवाहनं भुसा पदरात गोळा केला आणि मला पुन्हा आडवं केलं. नेम आहे, करावंच लागतं. पण या वेळी उजव्या कुशीवर. तेवढंसं सुख काय असतं ते तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही रोज कूस बदलता.

दार पुन्हा लागलंय. करकर पुन्हा सुरू झाली आहे, आणि खांबातली चीर हळूहळू वर चढतेय. पुढच्या खेपेला ती बसली तर मी मोडणार, हे तिलाही माहीत आहे, मलाही. पण दार ओढताना ती म्हणाली, "येते रे."

तेव्हा तुम्ही कुणी इथून गेलात तर वडीलधाऱ्यांना माझं काही सांगू नका. मला पांढरं कापड नको, नवं छप्परही नको. माझं मागणं त्या वाळवीपाशी आहे. बाई, इतकं खाल्लंस, आता बेचाळीस दिवस दम धर. मला पडल्या पडल्या संपायचं नाही. कुणीतरी वर बसलेलं असताना मोडायचंय.